थोरलीचा चाप

विलायतेतली कंपनी थोरली बंद करणार, ही बातमी लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत दसऱ्याच्या सुमाराला आली, आणि मग कितीतरी दिवस पहाऱ्याच्या शिपायांना दुसरा विषय सुचला नाही.

थोरली म्हणजे एका जातीचं रिव्हॉल्व्हर. घाटात रुळांवर काम करणाऱ्या गँगांचा पगार वाटायला पगारबाबू ट्रॉलीवरून जायचा. पेटी त्याच्या पायाशी, मागून ढकलणारे ट्रॉलीवाले, आणि शेजारी एक शिपाई. त्या शिपायाच्या कमरेला हे हत्यार असायचं. कंपनीनं त्याला दिलेलं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मधे एकदा त्याच कंपनीचं आखूड नळीचं एक हत्यार पहाऱ्याला आलं होतं. तेव्हा शिपायांनी नव्या आलेलीला धाकटी म्हटलं आणि जुनीला थोरली, दोन बायकांच्या दादल्यानं म्हणावं तसं. धाकटी एका पावसाळ्यात गंजून परत गेली. थोरली राहिली.

ती जड होती. दिवसभर बांधून हिंडलं की त्या बाजूची कंबर धरायची. नळी लांब, मूठ लाकडाची, आणि काडतुसांची चकरी एवढी ठळक की समोरच्याला सहज दिसावी. पण घाटातल्या पावसात आणि धुक्यात ती कधी अडली नाही. कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचं बोट फिरवलं की झालं. काही बिघडलंच तर बाजारातला एक म्हातारा कारागीरसुद्धा ती खोलून नीट करून द्यायचा. माणसं बदलून दुसरीकडं गेली ती जाताना थोरलीवरून एकदा हात फिरवून गेली.

साल एकोणीसशे छत्तीस. कंपनीनं मोठ्या गिऱ्हाइकांना कळवलं होतं की आता आपोआप भरणारी पिस्तुलं निघाली आहेत, जुन्या हत्याराला मागणी उरलेली नाही, तेव्हा ते पुढं चालू ठेवावं की नाही याचा विचार चालला आहे. पहाऱ्याचे इन्स्पेक्टर आगाशे यांनी शिपायांना अंगणात उभं करून हे सांगितलं.

"अजून काही ठरलेलं नाही," ते म्हणाले. "नव्या पिस्तुलाचे नमुने येताहेत. सगळ्यांनी ते झाडून पाहा आणि मग काय वाटतं ते मला सांगा. मी ते वर कळवणार आहे. बऱ्याच ठिकाणांहून जुन्याची मागणी गेली, तर कंपनी ते कदाचित चालू ठेवील."

आगाशे निघून गेल्यावर सगळे महिपतीभोवती जमले. महिपती मूळचा वराळ्याचा. घरची जमीन धाकट्या भावाकडं सोपवून तो तरुणपणीच रेल्वेच्या पहाऱ्यात लागला होता आणि आता शिपायांत सगळ्यांत जुना होता. थोरली आली तेव्हापासून तीच त्याच्या कमरेला होती.

"महिपतदादा, तुमीच बोला," हौशीराम म्हणाला. हौशीराम सुदुंबऱ्याचा, अंगानं दांडगा आणि थोरलीवर जीव टाकणारा. "तुमची ती सावळ्याची गोष्ट सायबाला सांगा. नुसती सांगू नका, सावळ्यालाच म्होरं उभा करा. जित्या माणसाम्होरं कोण काय बोलंल?"

महिपतीला ते पटलं. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी ती महिपतीच्या तोंडून ऐकायला शिपायांना आवडायची, आणि महिपतीला सांगायला.

ती सोळा-सतरा वर्षांपूर्वीची होती. श्रावणातला दिवस, खंडाळ्याच्या खाली बोगद्याच्या अलीकडं ट्रॉली चाललेली, आणि धुकं असं की ट्रॉलीवाल्याला आपल्याच पायाखालचा रूळ दिसेना. त्या आधीच्या पंधरवड्यात खाली कर्जतच्या बाजूला एका बाबूला लुटलं होतं, त्यामुळं पगारबाबू घाबरलेला होता. एकाएकी वरच्या कारवीच्या झाडीतून एक माणूस उडी टाकून रुळावर आला आणि ट्रॉलीच्या दिशेनं धावत सुटला. उघडा, चिखलानं माखलेला, एका हातात कोयता. तोंडानं काहीतरी ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात ते कळेना. बाबू किंचाळला, "मार, मार त्याला." महिपतीनं थोरली उपसली, छातीवर रोखली आणि चाप ओढला.

इथं महिपती नेहमी थांबायचा आणि मग म्हणायचा, "पर चाप कुणाचा? थोरलीचा."

थोरलीचा चाप लांब आणि ताठ होता. तो ओढत आणला की चकरी फिरायची, घोडा मागं जायचा, आणि अगदी शेवटी घोडा पडायचा. तेवढ्या वेळात महिपतीला त्या माणसाचा दुसरा हात दिसला. तो हात मागं बोगद्याकडं दाखवत होता. महिपतीनं बोट सैल सोडलं. घोडा हळूच परत जागेवर बसला. ट्रॉली थांबवून चालत पुढं गेले तर बोगद्याच्या तोंडाशी दरड आलेली, रूळ दगडांखाली गडप. गाडी यायची वेळ झाली होती. ट्रॉलीवाले लाल झेंडी घेऊन उलटे धावले आणि गाडी खंडाळ्यालाच थांबली.

तो माणूस म्हणजे सावळा. वरच्या ठाकरवाडीतला, गवताला आलेला. "दुसरं हत्यार असतं तर गेला असता," असं म्हणून महिपती गोष्ट संपवायचा आणि सावळा हजर असला तर त्याच्या पाठीवर थाप मारायचा. सावळाही हसायचा. वर्षातून एकदोनदा तो मध घेऊन महिपतीच्या खोलीवर यायचा, पायरीवर बसून चहा प्यायचा, कुणी विचारलं तर मान हलवून म्हणायचा, "व्हय, आसंच झालतं."

सुटीच्या दिवशी महिपती सावळाला आणायला निघाला. साधे कपडे, हातात काठी, पिशवीत तंबाखू आणि गुळाची ढेप. खंडाळ्याच्या बंगल्यांच्या मागून निघालेली वाट करवंदीच्या जाळ्यांतून वर चढत होती. दोनदा तो चुकला. चुकल्यावर त्याच्या ध्यानात आलं की सावळा आपल्याकडं इतकी वर्षं येतो आहे, पण त्याच्या वाडीवर आपण आज पहिल्यांदाच चाललो आहोत.

वाडी म्हणजे कुडाची सात-आठ घरं. सावळाच्या अंगणात त्याची बायको गंगी नाचणीची कणसं बडवत होती. तिनं महिपतीला ओळखलं. हातातलं बडवणं खाली ठेवलं, घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या आणला.

"ते वरच्या शेताकडं गेल्यात. येतील एवड्यात," ती म्हणाली. "भाऊ, काय काम काढलंत एवड्या लांब?"

महिपतीनं सांगितलं. कंपनीचं, थोरलीचं, साहेबांपुढं साक्ष द्यायचं. सांगता सांगता तो रंगला. गंगी ऐकत होती, पण तिचा चेहरा त्याच्या सांगण्याबरोबर हलत नव्हता. तो थांबल्यावर ती पुन्हा कणसांपाशी जाऊन बसली.

"न्याचं तर न्या," ती म्हणाली. "पर ते हत्यार तितं आसंल का?"

"आसणारच. त्याच्यासाठीच तर समदं चाललंय."

"मंग नगा नेऊ."

महिपतीला वाटलं, ही साहेबाला भीत असेल. "साहेब लय चांगला हाय," तो म्हणाला. "वरडायचा न्हाई, कायबी न्हाई."

"सायबाचं न्हाई वं, भाऊ." गंगीनं मूठभर कणसं उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. "तुमी सांगता, लोकं हसत्यात, हे बी हसत्यात. घरी आल्यावं दोन दोन दिस बोलत न्हाईत. त्या साली आमची लेक बाया रांगत व्हती. तवापासून धुकं पडलं की ह्येंच्या छातीत धडधडतंय. गवत त्याच बाजूला चांगलं, म्हून जावं तर लागतंय. जाताना माज्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा कंबरंला खोवून जात्यात. कोयता झाडीत ठिवायचा आन् मंग रुळाकडं उतरायचं. आसं गेली समदी वरसं चाललंय."

महिपतीनं तांब्या तोंडाला लावला. पाणी संपलं होतं तरी तो काही वेळ तसाच धरून बसला.

सावळा आला तो डोक्यावर गवताचा भारा घेऊन. महिपतीला बघून त्याचं तोंड खुललं. भारा टाकून तो समोर उकिडवा बसला. तंबाखू चोळून दोघांनी तोंडात टाकली. गावचं, पिकाचं, डुकरांनी खाल्लेल्या नाचणीचं बोलून झालं. मग महिपतीनं, ज्यासाठी आला होता ते न बोलता, वेगळंच विचारलं.

"सावळा, त्या दिशी तुला काय दिसलं रं?"

सावळानं एकदा गंगीकडं पाहिलं. ती मान खाली घालून बडवत होती.

"तुमास्नी ठावं हाय की समदं."

"मला माजं ठावं हाय. तुजं मी कदी इचारलंच न्हाई."

अंगणातलं कोंबडं नाचणीकडं आलं, त्याला सावळानं खडा मारून हाकललं.

"मला चाप दिसत नव्हता," तो म्हणाला. "तुमी सांगता चाप जड व्हता, म्हून म्या वाचलो. आसंल. मला नळीचं भोक दिसलं आन् बाजूची ती चकरी. ती फिराया लागली. लय हळू फिरली, भाऊ. पाय तितंच रुतलं. ती फिरतीया तवर मी हिचं तोंड बघितलं, बायाचं बघितलं, माजी आई मेली व्हती तिचं बी बघितलं. मनात म्हनलं, आरं मी दरड सांगाया आलोय, माजा हात तरी बघा. त्वांडातनं शबुद फुटंना. तुमी म्हनता ते हत्यार हळू हाय म्हून चांगलं. चांगलंच म्हनायचं. पर मला ती चकरी अजून फिरताना दिसती."

"मंग तू हसतोस कशापायी?"

"तुमी हसता म्हून. तुमच्या दारात बसायचं, तुमचा च्या प्यायाचा, आन् तुमी हसल्यावं म्या त्वांड पाडून कसं बसायचं?"

हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस उशिरा आला, गवत पिवळं पडलं, असं सांगावं तसं सांगितलं. महिपतीला त्याच्याकडं बघवेना. समोर दरी होती, खाली रुळाची रेघ आणि बोगद्याचं काळं तोंड दिसत होतं. इथून ते इतकं जवळ दिसतं हे त्याला माहीत नव्हतं.

"दरड आली ते तुला कसं कळलं व्हतं?" त्यानं विचारलं.

"कळतंय की. हितनं आवाज येतो. आधी बारकं खडं गळत्यात, मंग झाडं हलत्यात वारा नसताना. मंग येती." सावळानं हातानं वरचा उतार दाखवला. "ती बी लगीच येत न्हाई. आदल्या दिशीच वास येतो, ओल्या मातीचा, आतल्या मातीचा. खाली रुळावर हिंडणाऱ्या मानसांस्नी त्यो येत न्हाई."

"त्याच्यानंतर कदी सांगितलंस कुनाला?"

"सांगितलं की. गँगच्या मुकादमाला दोनतीनदा सांगितलं. लाल फडकं हलवत गेलो. एकदा त्यानं आयकलं, एकदा हाकललं. म्हनला, ठाकर दारू पिऊन आलाय."

महिपती उठला तेव्हा सावळानं विचारलं, "मंग कवा यायचं मी लोणावळ्याला?"

"नगं येऊस," महिपती म्हणाला. "गूळ पोरांस्नी दे."

उतरताना त्याला वाट चुकली नाही, पण तो सावकाश उतरला. इतक्या वर्षांत त्यानं ती गोष्ट कुठं कुठं सांगितली होती ते त्याला आठवत गेलं. लग्नाच्या मांडवात, चावडीवर, नव्या शिपायांना थोरली हातात देताना. गोष्टीत तो स्वतः शहाणा होता, थोरली त्याहून शहाणी होती, आणि सावळा होता तो फक्त वाचायला. आपण खोटं काहीच सांगितलं नाही, असं त्यानं मनाशी म्हणून पाहिलं. ते खरंही होतं. तरी खंडाळ्याचे बंगले येईपर्यंत त्याच्या मनाची टोचणी गेली नाही.

नमुने आले त्या दिवशी शिपाई लोणावळ्याबाहेरच्या जुन्या खाणीत जमले. खाणीच्या भिंतीपुढं फळ्या उभ्या केल्या होत्या. सकाळचं ऊन चांगलं होतं. नवं पिस्तूल चपटं, हलकं, काळंभोर, हातात घेतलं की तळव्यात मावणारं. हौशीरामनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि नाक मुरडलं.

आधी सगळ्यांनी थोरली झाडली, मग नवं. महिपतीची पाळी आली. थोरलीच्या गोळ्या फळीवर इकडंतिकडं लागल्या. वय झालं होतं, ताठ चाप ओढताना हात हलत होता. नव्या पिस्तुलाला त्यानं बोट लावलं न लावलं तोच ते उडालं. लागोपाठ सगळ्या गोळ्या फळीच्या मधोमध बसल्या. शिपायांत कुजबुज झाली. हौशीरामनं खाली बघितलं.

आगाशे जवळ आले. "नव्यानं तुमचा नेम चांगला लागतो आहे, महिपतराव."

"व्हय, साहेब. हत्यार चांगलं हाय."

"मग नवं घ्यावं म्हणता?"

"न्हाई. थोरलीच असू द्या." महिपतीनं नवं पिस्तूल जपून फळकुटावर ठेवलं. "ह्याला नुसतं बोट लागलं की झालं. घाटात हात गारठलेला आसतो, बाबू घाबरलेला आसतो. थोरलीत माणसाला इचार कराया थोडी जागा ऱ्हाती."

"ती सावळा नावाच्या ठाकराची हकिकत मी ऐकली आहे," आगाशे म्हणाले. "हौशीराम सांगत होता. तीच मी लिहिणार आहे. याच्याइतकं जोरदार दुसरं काही नाही. कंपनीच्या माणसांनासुद्धा ते वाचून बरं वाटेल."

"ती लिवू नका, साहेब."

आगाशे चकित झाले. "का? खोटी आहे?"

"खरी हाय. पर ती माज्याकडनं सांगितलेली हाय. ज्याच्यावर रोखली त्याला ती तशी वाटत न्हाई. त्याला न इचारता म्या लय ठिकाणी सांगितली, तेवडं बास झालं."

आगाशे तरुण होते, पुण्यात शिकलेले, बापाची वकिली सोडून रेल्वेत आलेले. शिपाई खाणीच्या पलीकडं फळ्यांवरची भोकं मोजत होते. "ती हकिकत सोडली तर कागदात फारसं काही उरत नाही," आगाशे म्हणाले. "जुनं आहे, सवयीचं आहे, पावसात चालतं. हे तर सगळेच लिहितील."

"तेवडंच लिवा. आन् साहेब, दुसरं एक हाय. त्या दिशी चाप जड असल्यानं काम भागलं. पर सावळाच्या हातात लाल झेंडी आसती तर मी हत्यार उपसलंच नसतं. माणूस दरड सांगाया आला व्हता आन् हातात होता कोयता. त्याला वरनं दरड कळती. आदल्या दिशी कळती. त्याला झेंडी द्या, शिट्टी द्या. पावसाळ्यापुरतं कामावर घ्या."

"ते माझ्या खात्यात नाही. ते इंजिनीअरांचं काम."

"तुमी त्यास्नी बोला. मी सांगून कोण आयकनार?"

"बोलून बघतो," आगाशे म्हणाले. त्यांच्या आवाजात फार आशा नव्हती, पण ते बोलले खरे. महिपतीनं दर पंधरा दिवसांनी आठवण करून दिली म्हणून पुन्हा बोलले. गँगच्या मुकादमानं वाकड्यात शिरून पाहिलं, वाडीतली माणसं टिकत नाहीत म्हणाला. इंजिनीअरनं सावळाला खाली बोलावून घेतलं तेव्हा सावळा दोनदा आलाच नाही. तिसऱ्यांदा महिपती स्वतः त्याला घेऊन गेला. वाटेत सावळा म्हणाला, "कोट घालाया लावतील का? कोट घालून मला चढता येत न्हाई." इंजिनीअर हसला आणि म्हणाला, कोट नको, पण झेंडी नीट धर. असं करत करत दुसऱ्या पावसाळ्याला सावळाला वरच्या उतारावर लक्ष ठेवायचं हंगामी काम मिळालं. नेहमीचे पहारेकरी खाली रुळावर, आणि हा एकटा वर.

थोरलीचं म्हणाल तर शिपायांच्या म्हणण्याप्रमाणं झालं. कुठून कुठून मागण्या गेल्या असतील त्या असोत, कंपनीनं कळवलं की तूर्त हत्यार बंद होत नाही. चाळीत त्या दिवशी हौशीरामनं सगळ्यांना भजी चारली. महिपतीनंही खाल्ली. त्याला बरं वाटलं होतं, ते लपवायचं काही कारण नव्हतं.

पण हौशीरामनं नेहमीप्रमाणं, "दादा, सांगा की सावळ्याची गोष्ट," असं म्हटल्यावर महिपती म्हणाला, "त्येलाच इचारा जाऊन. त्येला सांगू वाटली तर सांगंल." हौशीरामला तो रुसला आहे असं वाटलं. पुढं हळूहळू कुणी विचारेनासं झालं.

तूर्त म्हणजे किती, ते कंपनीनं कळवलं नव्हतं. लढाई सुरू झाली आणि विलायतेतले सगळे कारखाने फौजेच्या कामाला लागले. थोरली कधी बंद झाली ते नेमकं कुणाला कळलंच नाही. बाजारातल्या कारागिरानं एकदा घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, मागवली, ती आली नाही. पुन्हा मागवली, तर उत्तर आलं नाही. मग एक दिवस लष्करानं रेल्वेकडं होती तेवढी हत्यारं मागून घेतली आणि पेट्यांत भरून सगळ्या थोरल्या पुण्याला गेल्या. कुणाला वाईट वाटायला सवड झाली नाही. गाड्या दुप्पट झाल्या होत्या, फौजेच्या गाड्या घाटात एकीमागं एक चढत होत्या.

महिपतीची नोकरीची शेवटची वर्षं बिनहत्यारी गेली. ट्रॉलीवर पगारबाबूशेजारी तो लोखंडी कड्यांची काठी घेऊन बसायचा. बाबू आता दुसरा होता आणि तो कमरेची रिकामी जागा बघून कुरकुरायचा.

निवृत्तीच्या आधीच्या भाद्रपदात ते बोगद्याच्या अलीकडं पोचले तेव्हा असंच धुकं होतं. पाणी कड्यावरून सुटलं होतं, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. समोर काहीतरी हललं. महिपतीचा उजवा हात आपोआप कमरेकडं गेला. तिथं काही नव्हतं, तरी बोटं हत्याराची मूठ धरल्यासारखी वळली. मग धुक्यातून लाल रंग दिसला, शिट्टी ऐकू आली, आणि ट्रॉलीवाल्यांनी ट्रॉली थांबवली. महिपतीनं खाली आपल्या हाताकडं बघितलं. तो सावकाश उघडून त्यानं मांडीवर ठेवला.

सावळा जवळ आला. डोक्यावर इरलं, केस पिकलेले, हातातली झेंडी भिजून काठीला चिकटलेली.

"आली का?" महिपतीनं विचारलं.

"आली न्हाई अजून. येनार हाय. म्होरं जाऊ नका," सावळा म्हणाला. "खालच्या फाटकाला निरोप गेलाय. बाबूसायेब, पेटी घिऊन इकडं आडोशाला बसा."

बाबूनं घड्याळ काढलं आणि काहीतरी पुटपुटला. कुणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. कपारीखाली सगळे दाटीवाटीनं बसले. महिपतीनं तंबाखू काढली, निम्मी सावळाच्या हातावर ठेवली. सावळानं ती चोळता चोळता बायाला मुलगा झाल्याचं सांगितलं, दिवाळीला ती घेऊन येणार असल्याचं सांगितलं. मग एकदम हात वर करून त्यानं सगळ्यांना गप्प केलं. वारा पडलेला होता. वरच्या उतारावरची कारवी हलत होती.